छोटी रंगीत चित्रं: आधी विषय की आधी रंग?

निळी शाई

पोस्टकार्डाएवढी किंवा त्याहून लहान चित्रं काढणाऱ्यांसाठी हा धागा. गॅलरी नाही, एजंट नाही, स्वतः काढायचं, स्वतःच फोटो काढून विकायचं, असं करणारे इथे बरेच जण आहेत हे इतर धाग्यांवरून कळलंय. आणि सगळ्यांची गाडी शेवटी एकाच ठिकाणी अडते: सुचत नाही, प्रेरणा कुठून आणायची?

माझं मत आधीच सांगून टाकते, मग काय ठोकायचं ते ठोका. छोट्या चित्रासाठी विषय शोधत बसू नये. रंगांची जोडी शोधावी. विषय त्या जोडीच्या मागोमाग येतो.

कारण साधं आहे. चार इंचांत गोष्ट रंगवायला जागाच नसते. भिंतीवर लावलेलं एवढंसं चित्र माणूस दोन पावलांवरून बघतो तेव्हा त्याला रंगांचे तीन-चार ठोकळे दिसतात. ती किटली आहे की डोंगर, हे जवळ गेल्यावर कळतं. जे आधी दिसतं तेच आधी ठरवलेलं बरं.

म्हणून माझ्याकडे विषयांची यादी नाही, जोड्यांची वही आहे. परवाची नोंद एका जुन्या लोखंडी दाराची आहे. वरचा निळा ऑइलपेंट सोललाय, त्याखाली आधीचा पोपटी, त्याखाली शेंदरी प्रायमर आणि कडेला गंज. वहीत दार काढलेलं नाही. निळ्याचा मोठा चौकोन, त्याला खेटून पोपटीची बारीक कड आणि नखाएवढा शेंदरी, बस. कुठले रंग हे लिहिणं सोपं असतं, *किती* हे लिहिलं तरच नंतर उपयोग होतो. तोच शेंदरी निम्मा कागदभर लावला तर ते दार उरत नाही, पोस्टर होतं.

व्हॅन गॉगकडे लोकरीच्या गुंड्यांनी भरलेली लाखेची एक पेटी होती. दोन-तीन रंगांचे धागे एकत्र गुंडाळून तो जोड्या तपासून बघायचा. पेटी ॲम्स्टरडॅमच्या त्याच्या संग्रहालयात आजही आहे. आपल्याला वही पुरे.

तुम्ही कुठून सुरुवात करता?

सांजसावळी

छान धागा, निशाई. वाचनखूण साठवली आहे.

मी उजेडापासून सुरुवात करते. तीच खिडकी, तोच पडदा, पण सकाळी पडदा थंड करडा असतो आणि उन्हं कलली की त्याच्या कडा पेटतात. विषय बदलायची गरजच पडत नाही. कॉन्स्टेबल या इंग्लिश चित्रकारानं १८२१-२२ मध्ये लंडनजवळ हॅम्पस्टेडला नुसत्या ढगांचे छोटे छोटे अभ्यास केले आणि कित्येकांच्या मागे तारीख, वेळ आणि वाऱ्याची दिशा लिहून ठेवली. ते वाचल्यापासून मीही मागे वेळ लिहिते. गंमत म्हणजे ती ओळ वाचून चित्र घेणारे भेटले आहेत!

तिरपागडा

प्रेरणा हे थोतांड आहे. खुर्चीत बसा, ब्रश ओला करा. सुचतं.

निळी शाई

@तिरपागडा, बसण्याबद्दल वाद नाहीच. पण बसून कोऱ्या कागदाकडे बघायचं की कालच्या जोडीकडे, एवढाच माझा मुद्दा आहे.

तिरपागडा

कालच्या जोडीकडे बघून आजही तेच काढलं तर?

निळी शाई

तर बरंच की! तेच पाच-सहा वेळा काढा. दुसऱ्यांदा प्रमाण उलटं करा, म्हणजे जो रंग ठिपक्याएवढा होता तो पसरवा आणि पसरलेला आक्रसून टाका. तिसऱ्यांदा दोन्हींत थोडं थोडं एकमेकांचं मिसळा. चौथ्यापर्यंत हात कंटाळतो आणि स्वतःहून काहीतरी आगाऊपणा करतो. तो आगाऊपणा मला हवा असतो.

कोरा कागद

धागा वाचतोय, मजा येतेय. पण एक मूलभूत शंका. छोटी चित्रं ही मोठ्या चित्राची तयारीच नाही का? सराव म्हणून ठीक, पण त्यालाच पूर्ण काम म्हणायचं, विकायचं, हे मला अजून पटत नाही.

अर्धविराम

@कोरा कागद, व्हर्मीर या डच चित्रकाराची लेस विणणारी मुलगी आठवा. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे, साधारण २४ × २१ सेंटिमीटर. दालीची ती वितळणारी घड्याळं (१९३१) २४ × ३३ सेंटिमीटर. छापील फोटो बघून लोकांना ते भिंतभर चित्र वाटतं. हिलियर्डसारखे सोळाव्या शतकातले इंग्लिश लघुचित्रकार तर पातळ कातडं पत्त्याच्या पानावर चिकटवून त्यावर रंगवायचे. पत्ता! मागे बदाम-चौकट तशीच.

तयारी म्हणून केलेली छोटी चित्रंही काही कमी नसतात. टॉम थॉमसन हा कॅनडाचा चित्रकार ॲल्गाँक्विनच्या जंगलात सुमारे २१ × २७ सेंमीच्या लाकडी पाट्या घेऊन फिरायचा आणि जागेवरच रंगवायचा. त्यांतल्या काहींवरून त्यानं पुढे मोठे कॅनव्हास केले. मला विचाराल तर पाट्याच जास्त जिवंत आहेत. एका फटकाऱ्यात झाड उभं राहतं. मोठ्या कॅनव्हासवर तेच झाड सजवलेलं वाटतं.

कोरा कागद

लेस विणणारीचं माप माहीत नव्हतं. शंका मागे घेतो. निम्मी.

अनुस्वार

मी अगदीच नवखी आहे, त्यामुळे प्रश्न बाळबोध वाटला तर सांभाळून घ्या. सगळे सांगतात रंगीत काढ, म्हणून मी पेटीतले सगळे रंग लावते. तरी चित्र रंगीत न दिसता गढूळ दिसतं, नाहीतर भडक. मधलं काही जमतच नाही. काय करू? जलरंग वापरते.

अर्धविराम

@अनुस्वार, गढूळ आणि भडक या दोन वेगळ्या तक्रारी आहेत.

गढूळ होतं ते बहुतेक वेळा तीन-चार रंग एकत्र गेल्यामुळे, किंवा खालचा थर अर्धवट ओला असताना त्यावर पुन्हा ब्रश फिरवल्यामुळे. ट्यूबवर बारीक अक्षरांत रंगद्रव्याचे कोड असतात, ते वाचायची सवय लाव. अल्ट्रामरीन म्हणजे पीबी २९, थॅलो निळा म्हणजे पीबी १५. काही ट्यूबांत मुळातच तीन द्रव्यं मिसळलेली असतात. अशा दोन ट्यूबा एकत्र केल्या की सहा द्रव्यांची खिचडी. एकाच द्रव्याच्या ट्यूबा घेतल्या तर मिश्रणं स्वच्छ राहतात.

भडक होतं कारण करडा नसतो. शुद्ध रंगाला शेजारी कोणीतरी गप्प बसणारा लागतो. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) मिसळून बघ, निळं जास्त घातलंस तर ढगाळ करडा, सिएना जास्त तर उबदार. कागदाचा बराचसा भाग अशा करड्यांनी भर आणि एका कोपऱ्यात कोरा करकरीत लेमन यलो ठेव. लोक म्हणतील काय रंगीत चित्र आहे!

निळी शाई

अर्धविराम यांना जोरदार अनुमोदन. करड्याची आणखी एक गंमत म्हणजे तो एकटा कधीच करडा नसतो. तोच करडा नारिंगीशेजारी निळसर दिसतो आणि निळ्याशेजारी उबदार. पॅरिसच्या गोबलॅं कारखान्यात, जिथे भिंतीवर टांगायचे चित्रांचे पडदे विणले जायचे, काळा धागा फिका पडतो अशी तक्रार यायची. तिथे रंगखात्याचा प्रमुख असलेल्या शेव्रल या रसायनशास्त्रज्ञानं शोध घेतला तर रंगाईत दोष नव्हता, शेजारच्या धाग्यांमुळे डोळा फसत होता. १८३९ मध्ये त्यानं त्यावर सविस्तर ग्रंथ लिहिला, आणि पुढच्या पिढ्यांतल्या चित्रकारांनी तो डोक्यावर घेतला.

छोट्या चित्रात हे दसपट जाणवतं, कारण कुठलाही रंग दुसऱ्यापासून लांब नसतोच. म्हणून मी पॅलेटवर रंग पारखत नाही. कागदाच्या तुकड्यावर शेजाऱ्यासकट लावून बघते.

सांजसावळी

अवांतर: फोनवर फोटो काढून कृष्णधवल करून बघायची युक्ती कोणी सांगितली नाही अजून? रंग सुंदर जमलेत असं वाटत असतं आणि कृष्णधवल केल्यावर सगळं एकाच टोनमध्ये सपाट निघतं. तांबडा आणि हिरवा यांत तर हमखास फसायला होतं.

कोरा कागद

@सांजसावळी, टोन एक असला की चित्र वाया, असं मात्र नाही हं. मोने या फ्रेंच चित्रकाराच्या उगवत्या सूर्याच्या चित्रात तो नारिंगी गोळा कृष्णधवल केला की जवळपास नाहीसा होतो, कारण सूर्य आणि आजूबाजूचं आकाश यांचा उजळपणा सारखा आहे. म्हणून तर तो थरथरतो. ठरवून केलं तर चालतं.

सांजसावळी

अरे वा! हे करून बघणार.

पानगळ

प्रेरणेचा विषय निघालाय तर एक खटकणारी गोष्ट बोलते. पिंटरेस्टवरून चित्रं साठवायची, त्यातलं एक समोर ठेवून थोडे रंग बदलायचे आणि आपलं म्हणून विकायचं, हा प्रकार फार वाढलाय. विचारलं की उत्तर ठरलेलं: प्रेरणा घेतली. माझ्या एका मांजराच्या चित्राचा जुळा भाऊ मला भलत्याच पानावर सापडला. उशीसुद्धा तीच, फक्त उशीचा रंग वेगळा.

निळी शाई

@पानगळ, वाईट वाटलं वाचून. त्या माणसाला लिहून कळवलंस का?

सरावासाठी नक्कल करायला हरकत नाही, सगळेच त्यातून शिकले. पण ती घरात ठेवायची. दुसऱ्याचा फोटो बघून काढायचं असेल तर एकतर परवानगी घ्यायची किंवा मुक्त परवान्याचा फोटो वापरायचा. मला त्याहून सोपं वाटतं ते म्हणजे दुसऱ्याच्या चित्रातून फक्त जोडी उचलायची. रंग कोणाच्या मालकीचे नसतात. ‘गर्द हिरव्यात एक गुलाबी’ एवढंच वहीत लिहायचं आणि ते चित्र बंद करायचं. पुन्हा उघडायचं नाही. चार दिवसांनी त्या जोडीतून जे निघेल त्यात मांजर असण्याची शक्यता फारच कमी.

पानगळ

कळवलं. उत्तर आलं, ‘आर्ट इज फॉर एव्हरीवन’.

तिरपागडा

मग पैसेही एव्हरीवनचे का, विचारायचं होतं.

अर्धविराम

😀 तिरपागडा यांना प्रथमच +१.

सुचत नसेल तेव्हासाठी एक उपाय. फसलेलं मोठं चित्र टाकून देऊ नका. जाड कागदाचे इंग्रजी एल आकाराचे दोन तुकडे कापा, ते समोरासमोर ठेवून खिडकी करा आणि फसलेल्या चित्रावर सरकवत न्या. कुठेतरी तीन इंचांत अख्खं चित्र सापडतं. ते कापून घ्या, किंवा त्यावरून नवीन काढा. पॉल क्ले हा चित्रकार हे सर्रास करायचा. पूर्ण झालेली चित्रं कापून त्यांची दोन स्वतंत्र चित्रं करायची, नाहीतर तुकडे उलटसुलट जोडायचे. १९१४ च्या एप्रिलमध्ये तो माके आणि म्वालिए या मित्रांबरोबर ट्युनिशियाला गेला, तिथे त्याला रंग खऱ्या अर्थानं गवसला असं तो स्वतःच डायरीत लिहितो. तिथली जलरंगातली चित्रं बघा. घरं, घुमट नावापुरते, बाकी रंगांचे चौकोन. निशाईचा मुद्दाच की हा.

अनुस्वार

एल आकाराची खिडकी करून बघितली! बिघडलेल्या समुद्राच्या चित्रात एका ठिकाणी निळा वाळता वाळता कडेला फुलकोबीसारखा पसरला होता. आधी तोच भाग खराब वाटत होता. खिडकीत तेवढाच धरला तर ढग दिसतोय. कापायचा धीर होत नाहीये.

निळी शाई

काप, काप. आधी फोटो काढून ठेव आणि मग काप.

कोरा कागद

आता मला मोह होतोय. सामानाचं सांगा. मी कॅनव्हासवर ॲक्रिलिकवाला. छोट्यासाठी काय घ्यावं?

पानगळ

कॅनव्हासची वीण छोट्या चित्रात फार मध्ये येते. डोळा काढायचा तर डोळा लहान आणि दोरा मोठा. लाकडी पॅनल किंवा एमडीएफवर जेसोचे (रंगाआधी द्यायच्या पांढऱ्या अस्तराचे) दोन-तीन हात देऊन बारीक पॉलिशपेपर मारा, ब्रश लोण्यासारखा फिरतो. कागदच हवा असेल तर ३०० जीएसएमचा, म्हणजे जाड, जमल्यास शंभर टक्के सुती. एका मोठ्या तावावर मास्किंग टेपनं सहा-आठ चौकोन पाडायचे आणि सगळे एकदम रंगवायचे. एक वाळेपर्यंत दुसरा. टेप काढताना कागदापासून बाहेरच्या बाजूला, तिरकी, हळू. ती पांढरी स्वच्छ कड निघते ना, निम्म्या चित्रांना तीच तारून नेते.

ॲक्रिलिक वाळल्यावर गडद होतं हे तुम्हाला माहीतच असेल. ओलं असताना त्यातलं माध्यम दुधाळ असतं, वाळून पारदर्शक झालं की रंग खाली उतरतो. जलरंगाचं उलट, वाळल्यावर फिके. गुवाश, म्हणजे अपारदर्शक जलरंग, सगळ्यात खट्याळ. फिक्या छटा गडद होतात आणि गडद छटा फिक्या. त्यामुळे नमुन्याची पट्टी हवीच.

सांजसावळी

आणि विकणार असाल तर टिकाऊपणा बघा. अलिझारिन क्रिमझन, पीआर ८३, उन्हात उडतो. त्याऐवजी क्विनॅक्रिडोनचा, म्हणजे पीव्ही १९ चा, गुलाबी-तांबडा घ्यावा. ऑपेरा पिंक दिसायला वेड लावतो, पण त्यातली चमक फ्लुरोसंट रंगाची असते आणि तीच आधी जाते. खात्री करायची तर एका पट्टीवर सगळे रंग लावा, अर्धी पट्टी काळ्या कागदानं झाका आणि उन्हाच्या खिडकीत चिकटवून विसरून जा. दोन-तीन महिन्यांनी काळा कागद काढा. काही कंपन्यांच्या दाव्यांचं काय ते तिथेच कळतं.

कोरा कागद

किंमत कशी लावता? मी चौरस इंचावर लावतो.

पानगळ

चौरस इंचाचा हिशेब छोट्या चित्राला मारतो. १२ × १२ चं चित्र १४४ चौरस इंच, ४ × ४ चं १६. म्हणजे छोट्याला एक नवमांश किंमत. विचार, रंग जुळवणं, फोटो, पॅकिंग, गिऱ्हाइकाशी बोलणं, यातलं काही नवमांश होतं का? त्यापेक्षा लांबी अधिक रुंदी धरा. २४ आणि ८. आता छोटं एक तृतीयांशावर आलं. हे प्रत्यक्ष मेहनतीच्या बरंच जवळ जातं. शिवाय एक किमान रक्कम ठरवून ठेवा, त्याखाली कितीही छोटं असलं तरी जायचं नाही.

अर्धविराम

सहमत. आणि विकण्याआधी ६०० डीपीआयवर (इंचाला ६०० ठिपके) स्कॅन करून ठेवा. चार इंचांचं चित्र पुढे ३०० डीपीआयनं आठ इंचांचं स्वच्छ छापता येतं. मूळ चित्र विकलं म्हणजे छापण्याचे हक्क विकले असं नसतं, वेगळा लेखी करार नसेल तर ते सर्वसाधारणपणे चित्रकाराकडेच राहतात. गिऱ्हाइकाला हे आधीच गोडीत सांगितलेलं बरं.

नोंदवहीही ठेवा. पुन्हा क्लेच. १९११ पासून तो स्वतःच्या चित्रांची यादी हातानं लिहायचा, वर्ष आणि क्रमांक टाकून. छोटी चित्रं भराभर होतात आणि भराभर जातात. कोणतं कुठे गेलं हे वर्षभरात आठवत नाही.

तिरपागडा

ठीक आहे. थोतांड म्हणणारा मी, पण काल जोडीवाला प्रयोग केला. विटकरी आणि फिका निळा. पहिलं बेकार. दुसरं बरं. तिसऱ्यात विटकरी उलटा पसरवला आणि त्यातून एक भिंत आणि वर कपड्याची दोरी निघाली. मी कपड्याची दोरी काढायला बसलोच नव्हतो.

आता एकजण म्हणतोय मला तिसरंच दे. दुसरं आणि तिसरं शेजारी ठेवलं तरच मजा आहे. सुटं द्यावं का?

पानगळ

अभिनंदन! दोन्हींची मिळून एक किंमत सांगा, सुट्या दोघांच्या बेरजेपेक्षा थोडी कमी. बरेच जण जोडीच घेतात.

निळी शाई

@तिरपागडा, दोरीबद्दल काही बोलत नाही, नाहीतर तुम्ही धाग्यावरून उठून जाल. 😀

माझं मत पानगळपेक्षा जरा वेगळं. जोडीची किंमत सांगाच, पण त्याला एकच हवं असेल तर देऊन टाका. देण्याआधी दोन्ही शेजारी ठेवून स्कॅन करा आणि विटकरीचं मिश्रण कुठल्या दोन ट्यूबांतून केलं ते वहीत त्या पट्टीशेजारी लिहून ठेवा. उरलेल्या चित्राला नवा जोडीदार काढायला तेवढं पुरतं. पाठवताना चित्रावर आधी ग्लासिन पेपर (गुळगुळीत, पातळ कागद), मग पुठ्ठा, मग बबलरॅप. ॲक्रिलिक असेल तर बबलरॅप थेट लागू देऊ नका, रंगावर गोल गोल छाप उठतात.

तिरपागडा

ॲक्रिलिकच आहे. ग्लासिन नाही घरात. बटरपेपर चालेल का?

पानगळ

सिलिकॉनचा थर असलेला बेकिंग पेपर असेल तर चालेल, तो चिकटत नाही. मेणाचा कागद नको, गरमीत मेण रंगावर उतरतं. आणि चित्र पुरतं वाळू दे, आठवडाभर तरी. गिऱ्हाइकाला थांब म्हणावं.